गणेशचा रिचार्ज

२०१५ सालचा डिसेंबर संपत आला असताना एका मोठ्या इंग्रजी दैनिकात मार्क झुकेरबर्ग यांचा लेख आला होता. त्यात आपल्याकडचा एक शेतकरी होता. महाराष्ट्रातला, नाव गणेश. आडनाव नाही, गाव नाही, तालुकाही नाही. हा गणेश फेसबुकच्या ‘फ्री बेसिक्स’वर पावसाचा अंदाज बघतो, शेतमालाचे भाव बघतो, आता नवी पिकं आणि जनावरं यांत पैसे घालतोय, असं त्यात लिहिलं होतं. आणि पुढे सवाल टाकला होता, की गणेशनं शेती नीट केली तर त्यात इंटरनेटचं काय बिघडतं?

सवाल मोठा हुशारीचा होता. गणेशच्या विरोधात बोलणार कोण? पण ‘फ्री बेसिक्स’ म्हणजे पूर्ण इंटरनेट नव्हतंच. त्याच वर्षी फेब्रुवारीत फेसबुकनं रिलायन्स कम्युनिकेशन्सबरोबर ही योजना सहा राज्यांत सुरू केली, त्यांत महाराष्ट्र होता. मोजक्या काही साइट फुकट, त्यांत फेसबुक अर्थातच; बाकी जग बघायचं तर पैसे मोजा. म्हणजे गणेशनं भाव बघायचा तो झुकेरबर्ग यांनी आत घेतलेल्या साइटवर. शेजारच्या तालुक्यातल्या पोरानं त्याहून चांगली साइट काढली, तरी ती गणेशच्या फोनवर उघडणार नाही. उघडली तर बॅलन्स कापून.

पुढचं अनेकांना आठवत असेल. ट्राय या दूरसंचार नियामकाकडे लाखो ईमेल गेले, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम आला: साइट कुठली आहे ते बघून डेटाचा दर कमी-जास्त करायचा नाही. मोडल्यास दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. फेसबुकनं योजना भारतातून गुंडाळली. जगात फार थोड्या देशांनी इतका स्वच्छ नियम केला असेल, आणि तो करताना इथल्या सामान्य नेट वापरणाऱ्यांचा वाटा होता, याचा मला आजही अभिमान आहे.

मात्र गोष्ट तिथं संपली नाही. त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ आलं. ३१ मार्च २०१७ पर्यंत सगळंच फुकट. गणेशला मोजक्या साइटऐवजी अख्खं इंटरनेट मिळालं, तेही झुकेरबर्ग यांच्या मेहेरबानीशिवाय. तेव्हा वाटलं, वाद मिटला. मग एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीच्या ऐन भरात बातमी आली: फेसबुकनं जिओ प्लॅटफॉर्म्समधला ९.९९ टक्के हिस्सा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. जुलैत गूगलनं ७.७३ टक्के घेतला, ३३,७३७ कोटींना. जानेवारी २०२२ मध्ये गूगलनं एअरटेलमध्येही सव्वा टक्क्याच्या आसपास हिस्सा घेत असल्याचं जाहीर केलं. पुढच्या दारानं परत पाठवलेला पाहुणा मागच्या दारानं आत आला आणि थेट माजघरात बसला. २०१६ साली ज्यांनी ईमेल केले होते (मीही एक), त्यांच्यापैकी किती जणांनी या वेळी तोंड उघडलं? मी तरी नाही उघडलं. घरात बसून नेट वापरत होतो आणि नेट बरं चाललं होतं.

इंटरनेटवर जो माल विकतो, म्हणजे व्हिडिओ, मॅच, मालिका, जाहिराती, त्याच्याच मालकीची आपल्या घरापर्यंत येणारी तार असावी का, हा प्रश्न परदेशी वाटतो. अमेरिकेतल्या न्यायालयांत त्यावर खटले झाले. पण आपल्या देशात तो दोन्ही बाजूंनी सुटून, नव्हे, गुंतून बसला आहे. माल विकणाऱ्यांनी तारेत भागीदारी घेतली, आणि तारवाल्यानं मालाचं सर्वांत मोठं दुकान विकत घेतलं. माझं म्हणणं साधं आहे: समुद्राखालून केबल टाका, शहराशहरांत सर्व्हर ठेवा, हरकत नाही, पण खांबावरून घरात येणारी तार आणि फोनमधलं सिम ज्याचं, त्याचं दुकान त्याच तारेवर नसावं. आणि याचं कारण तो दुसऱ्यांचा माल अडवेल हे नाही. तो स्वतःचा माल फुकट देईल, हे आहे.

अडवण्याची रीत जुनी, तिच्यापासून सुरुवात करतो. नव्वदच्या दशकात आमच्या गावात केबल आली. आमच्या केबलवाल्याचं स्वतःचं चॅनेल होतं, अगदी एक नंबरला. रात्री नऊला पिक्चर, मध्ये साडीच्या दुकानाच्या जाहिराती, वाढदिवसाच्या पोरांचे टोप्या घातलेले फोटो. हे चॅनेल आरशासारखं स्वच्छ दिसायचं. दूरदर्शन कुठं तरी पार खाली, आणि त्यावर मुंग्या. वडील बातम्यांसाठी वैतागायचे, केबलवाला शांतपणे म्हणायचा, “काका, चॅनेल दिलंय की!” दिलं होतंच. बंद कशाला करायचं? मुंग्या पुरतात. हा प्रकार एका गावचा नसणार, कारण १९९५ च्या केबल कायद्यात दूरदर्शनच्या वाहिन्या दाखवणं बंधनकारक आहे आणि त्या प्राइम बँडवर दाखवा, असं मुद्दाम लिहावं लागलं. नुसतं ‘दाखवा’ म्हणून भागलं नाही, ‘नीट दिसतील अशा जागी दाखवा’ असं म्हणावं लागलं. कायदा करणाऱ्यांपैकी कुणाच्या तरी घरी मुंग्या येत असाव्यात.

हीच मुंग्यांची कला अमेरिकेत मोठ्या भांडवलावर चालली. कॉमकास्ट ही तेव्हाची तिथली सर्वांत मोठी केबल आणि ब्रॉडबँड कंपनी. तिनं २०११ मध्ये एनबीसी युनिव्हर्सल ताब्यात घेतली, म्हणजे तारही तिची आणि वाहिन्याही तिच्या. त्याच वर्षी ब्लूमबर्ग वाहिनीनं तक्रार केली, की कॉमकास्ट आपल्याला बाकीच्या बातम्यांच्या वाहिन्यांपासून दूर कुठं तरी नेऊन टाकते. नियामकानं पुढच्या वर्षी ब्लूमबर्गच्या बाजूनं कौल दिला. २०१३ च्या अखेरीस कॉमकास्टच्या ग्राहकांकडे नेटफ्लिक्स अडखळू लागलं. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं. फेब्रुवारी २०१४ मध्ये नेटफ्लिक्सनं कॉमकास्टला पैसे द्यायचं कबूल केलं आणि चित्र सुधारलं. एनबीसीच्या व्यवहाराला परवानगी देताना सरकारनं अटींची मोठी यादी घातली होती, सात वर्षांसाठी. २०१८ मध्ये सात वर्षं संपली, अटीही संपल्या. कंपनी तिथंच आहे, तारही तिथंच. अशा अटींचं मला नेहमी नवल वाटतं. लांडग्याला शाकाहाराची अट घालायची, तीही मुदतीची.

आता नवी रीत. पुण्याहून नागपूरला किंवा मुंबईहून कोल्हापूरला रात्रीच्या खासगी बसनं गेलेल्या प्रत्येकाला ती माहीत आहे. बस एका ठरावीक ढाब्यावर थांबते. ड्रायव्हर-क्लीनर आतल्या खोलीत जेवतात, त्यांना बिल नाही. तुम्हाला कुणी बळजबरी करत नाही. शेजारी दुसरा ढाबा आहे, तिथली भाकरी कदाचित चांगली आहे, पण बस तिथं थांबत नाही. आता समजा बसवाल्यानंच ढाबा काढला आणि म्हणाला, तिकिटात जेवण फुकट. प्रवासी खूश. शेजारच्या ढाब्याला कुणी टाळं लावलेलं नाही. तो आपोआप बंद पडेल, आणि तो बंद पडल्यावर तिकिटाचं काय होईल ते बसवाला ठरवेल.

आयपीएलचं असंच झालं. जून २०२२ मध्ये २०२३ ते २०२७ या पाच वर्षांचे डिजिटल प्रक्षेपणाचे हक्क रिलायन्सच्या व्हायाकॉम १८ नं २३,७५८ कोटी रुपयांना घेतले. इतके पैसे मोजून २०२३ चा हंगाम जिओसिनेमावर फुकट दाखवला. त्याआधी डिस्नेच्या हॉटस्टारवर मॅच बघायला पैसे पडत होते. हॉटस्टारचे ग्राहक गळाले, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये डिस्नेचा भारतातला धंदाच रिलायन्सच्या बरोबर एका कंपनीत आला. तिचं मूल्य ७०,३५२ कोटी. स्पर्धा आयोगानं कंपन्यांनी सुचवलेल्या काही बदलांच्या अटीवर मंजुरी दिली. १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओहॉटस्टार नावाचं एकच अ‍ॅप उरलं. मार्चमध्ये, हंगाम तोंडावर असताना, जिओनं जाहीर केलं: २९९ किंवा त्याहून मोठा रिचार्ज करा, ९० दिवस जिओहॉटस्टार फुकट.

बसवाल्यानं ढाबा काढला तो हा असा. २०१६ चा नियम इथं काहीच करू शकत नाही, कारण तो डेटाच्या दराबद्दल आहे. जिओहॉटस्टार बघताना डेटा इतर साइटइतकाच कापला जातो, नियम तंतोतंत पाळला जातो. फुकट आहे तो पास. आपण पुढच्या दाराला भक्कम कडी बसवली, आणि खिडकी दारापेक्षा मोठी निघाली.

यावर लगेच उत्तर येतं, की एअरटेल आणि व्हीआयच्या रिचार्जमध्येही जिओहॉटस्टार मिळतंच की. मिळतं, खरंय. पण एअरटेलला त्याचे पैसे दुसऱ्या कंपनीला द्यावे लागतात, आणि ती दुसरी कंपनी त्याच्या सर्वांत मोठ्या प्रतिस्पर्ध्याच्या घरातली आहे. जिओच्या बाबतीत हेच पैसे डाव्या खिशातून उजव्या खिशात जातात. एअरटेलला कोणत्या भावात मिळतं आणि जिओला कोणत्या, हे बाहेरच्या कुणाला कळायला मार्ग नाही. किराणा दुकानदार स्वतःच घाऊक व्यापारी असला की समोरच्या दुकानाची साखर महाग का, हे कुणाला विचारायचं नसतं.

“अहो, पण ग्राहकाचा फायदाच होतोय ना?” हा प्रश्न मला माझ्या भाच्यानंच विचारला, मॅच बघता बघता. आज होतोय. मी त्याला म्हटलं, उद्या तू आणि तुझ्या मित्रांनी मराठी वेबसिरीजचं अ‍ॅप काढलंत असं समज. महिन्याला पन्नास रुपये मागाल. बघणारा म्हणेल, रिचार्जबरोबर एवढं सगळं फुकट आहे, तुम्हाला पन्नास कशाला? तुमची गोष्ट चांगली आहे की वाईट इथपर्यंत तो येणारच नाही. मग तुमच्याकडे उरतो एकच रस्ता: तीच मालिका घेऊन त्याच मोठ्या अ‍ॅपच्या दारात उभं राहायचं, तो देईल त्या भावात. भाचा म्हणाला, “मामा, ओव्हर संपू दे.”

मराठी सिनेमावाल्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. मल्टिप्लेक्स त्यांचं पिक्चर नाकारत नाही, फक्त सकाळी साडेनऊचा खेळ देतं. नंतर ‘प्रेक्षक येत नाहीत’ म्हणून तोही काढतं. म्हणून २०१५ साली राज्य सरकारला प्राइम टाइमचा नियम आणावा लागला. त्यातून किती भलं झालं यावर दोन मतं आहेत, माझं स्वतःचं मत फारसं चांगलं नाही. पण दुखणं खरं होतं, आणि अमेरिकेनं तेच दुखणं १९४८ मध्ये मुळातून काढलं. पॅरामाउंटसारख्या स्टुडिओंकडे सिनेमेही होते आणि थिएटरंही. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या विरोधात गेला आणि त्यांना थिएटरं सोडावी लागली. तिथं वेळापत्रकाचे नियम करण्यापेक्षा मालकी वेगळी करणं सोपं पडलं.

आता दुसऱ्या बाजूचं ऐकायला हवं, कारण ती बाजू पोकळ नाही. तारा टाकायला पैसा लागतो आणि आज तो या कंपन्यांकडेच आहे. गूगलची रामन नावाची केबल (सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांच्यावरून) मुंबईसाठीच आखलेली आहे. फेसबुकच्या मूळ कंपनीनं, मेटानं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ५० हजार किलोमीटरहून लांब केबलची घोषणा केली, ती भारताला अमेरिका, ब्राझील आणि दक्षिण आफ्रिकेशी जोडणार आहे. तालुक्याच्या गावी यूट्यूब न अडखळता चालतं, त्याचं मोठं श्रेय गूगलनं नेट पुरवणाऱ्या कंपन्यांकडे नेऊन ठेवलेल्या सर्व्हरना आहे. सगळ्यांत जास्त बघितले जाणारे व्हिडिओ तिथंच साठवलेले असतात, दर वेळी सातासमुद्रापलीकडून आणावे लागत नाहीत. नेटफ्लिक्सही हेच करतं. या सगळ्याला विरोध करणं म्हणजे पाणी स्वस्त झालं म्हणून रडणं. समुद्रात एक केबल गूगलची असली तर दुसरी टाटांची, तिसरी आणखी कुणाची. एक महाग पडली तर कंपन्या दुसरीवरून जातात. घराच्या भिंतीला मात्र भोकं एक किंवा दोन. सगळा फरक त्या भोकाचा आहे.

भोकापर्यंत येण्याचा प्रयोगही गूगलनं करून पाहिला. २०११ मध्ये त्यांनी अमेरिकेतलं कॅन्सस सिटी निवडलं आणि पुढच्या वर्षी महिना ७० डॉलरमध्ये एक गिगाबिटची फायबर सेवा सुरू केली. जिथं गूगल जाईल तिथं जुन्या कंपन्यांनी धावत वेग वाढवले. हा फायदा खरा होता. पण ऑक्टोबर २०१६ मध्ये नव्या शहरांची कामं थांबवली. लुइव्हिल शहरात तर वेगळीच गंमत झाली. खर्च वाचवायला फायबर रस्त्यात जेमतेम दोन इंच खोल चर मारून पुरली होती. ती वर येऊ लागली. २०१९ मध्ये कंपनीनं त्या शहरातली सेवाच बंद केली आणि रस्ते दुरुस्त करायला महापालिकेला ३८ लाख डॉलरहून जास्त रक्कम दिली. (केबलवाल्याकडून रस्त्याचे पैसे वसूल झाले, हे वाचून मी काही क्षण गप्प बसलो. आमच्याकडच्या नगरसेवकाला हा परिच्छेद पाठवणार आहे.)

याच्या शेजारी आपलं मुंबई सेंट्रल ठेवून बघा. जानेवारी २०१६ मध्ये तिथं गूगलनं रेलटेलबरोबर मोफत वायफाय सुरू केलं, पुढे चारशेवर स्टेशनांपर्यंत ते गेलं. स्पर्धा परीक्षेची पोरं फलाटावर बसून व्हिडिओ उतरवायची. २०२० मध्ये गूगलनं सांगितलं, आता डेटा स्वस्त झाला, आम्ही निघतो. आणि गूगल गेलंही. वायफाय गेलं नाही, कारण फायबर रेलटेलची होती, सरकारी कंपनीची, रुळांच्या कडेनं टाकलेली. लुइव्हिलमध्ये पाहुणा जाताना घर घेऊन गेला. मुंबई सेंट्रलला पाहुणा गेला आणि घर राहिलं. माल विकणाऱ्याला तार हे साधन असतं. त्याचं गणित फिरलं की तो साधन टाकून देतो, यात त्याचा दोषही नाही. पण गावाला एकदा तार मिळाली की ती गावाची गरज होते, आणि गरज दुसऱ्याच्या गणितावर टांगून ठेवू नये.

आणखी एक युक्तिवाद बाजारवाले करतात: हे असले संसार टिकतच नाहीत, तुम्ही कशाला घाबरता? एटी अँड टी या फोन कंपनीनं एचबीओची मालक टाइम वॉर्नर ८५ अब्ज डॉलरला घेतली. सरकार कोर्टात गेलं आणि हरलं. २०१८ च्या जूनमध्ये व्यवहार पुरा झाला. २०२२ मध्ये एटी अँड टीनं तो सगळा पसारा डिस्कव्हरीच्या पदरात घालून हात झटकले. म्हणजे बाजारानंच धडा शिकवला, असं म्हणतात. पण मधल्या चार वर्षांत काय झालं? व्यवहार पुरा होऊन पाच महिनेही झाले नव्हते, तेव्हा १ नोव्हेंबर २०१८ ला एचबीओ वाहिनी डिश नेटवर्कच्या ग्राहकांकडून गायब झाली. डिश म्हणजे एटी अँड टीच्या डायरेक्टटीव्ही या डीटीएच सेवेची थेट प्रतिस्पर्धी. एचबीओच्या चाळीसहून जास्त वर्षांच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं होतं. सरकारी वकील कोर्टात याच धोक्याबद्दल सांगत होते. मग एचबीओ मॅक्स हे अ‍ॅप आलं आणि एटी अँड टीनं स्वतःच्या मोबाइल ग्राहकांना त्याचा डेटा मोजायचा नाही असं ठरवलं. ती सवलत मार्च २०२१ मध्ये बंद करावी लागली, कारण कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा आला. नियम काही प्रमाणात चालतात, हे यातून मान्य करायला हवं. आणि एक गोष्ट विसरू नये: अमेरिकेत अशी लग्नं मोडतात कारण तिथं नुकसान सोसणारे भागधारक आरडाओरडा करतात. आपल्याकडे मोबाइल सेवेत उरल्या तीन खासगी कंपन्या आणि बीएसएनएल. दहा-बारा होत्या, त्या बघता बघता गेल्या. इथं बाजार धडा शिकवेल म्हणून वाट बघायची, तर बाजाराला बसायला जागाच राहिलेली नाही.

आपल्याला हे कधी सुचलंच नाही, असंही नाही. २००१ साली डीटीएचची मार्गदर्शक तत्त्वं आली तेव्हा त्यांत स्पष्ट होतं: वाहिन्या चालवणाऱ्या आणि केबलच्या कंपन्यांना मिळून डीटीएच कंपनीत २० टक्क्यांहून जास्त हिस्सा घेता येणार नाही. टाटा स्कायमध्ये टाटांचे ८० आणि स्टारचे २० हे प्रमाण याच नियमातून आलेलं. छतावरच्या छत्रीसाठी आपण इतकी काळजी घेतली. तारेतून आणि हवेतून त्याच्या हजारपट येणाऱ्या गोष्टींसाठी काहीच केलं नाही. त्या नियमालाही पळवाट होती: झी आणि डिश टीव्ही एकाच एस्सेल समूहातले, फक्त कागदोपत्री कंपन्या वेगळ्या.

ही पळवाट शंभर वर्षं जुनी आहे. अमेरिकेत रेल्वे कंपन्या कोळशाच्या खाणीही चालवायच्या आणि दुसऱ्यांच्या कोळशाला डबे द्यायला कुचराई करायच्या. १९०६ मध्ये कायदा झाला, की रेल्वेनं स्वतःच्या खाणीतला माल दुसऱ्या राज्यात वाहून न्यायचा नाही. तीन वर्षांनी सर्वोच्च न्यायालयानं त्याचा अर्थ लावला: रेल्वेकडे खाण कंपनीचे नुसते शेअर असतील तर तो माल ‘स्वतःचा’ धरायचा नाही. झालं. कायदा पुस्तकात राहिला, कोळसा मालगाडीत. म्हणून माल आणि तार वेगळी करायची तर कंपनीचं नाव बघून भागणार नाही. मूळ प्रवर्तक कोण, शेअर कुणाचे, हे बघावं लागेल. ९.९९ हा आकडासुद्धा दहाच्या आत का बसवला असेल, याचा विचार ज्याचा त्यानं करावा.

मग करायचं काय? विजेचं आपण काय केलं ते आठवा. २००५ मध्ये वीज मंडळाचे तुकडे झाले: वीज बनवणारी एक कंपनी, वाहून नेणारी दुसरी, घरात पोचवणारी तिसरी. त्याहून बोलकं मुंबईच्या उपनगरांत घडलं. २००९ मध्ये राज्य वीज नियामक आयोगानं ठरवलं, की तार (अनिल अंबानींच्या) रिलायन्सची असली तरी तिच्यावरून टाटांची वीज घेता येईल. तारेचं भाडं तारवाल्याला मिळेल. लाखो घरांनी खांब, वायर न बदलता कंपनी बदलली. न्यूझीलंडनं २०११ मध्ये हेच टेलिफोनच्या बाबतीत केलं. सरकारी मदतीनं गावोगाव फायबर टाकायची होती. जुन्या टेलिफोन कंपनीला सांगितलं, पैसे हवेत तर तारांची कंपनी वेगळी काढा. ती कंपनी, कोरस, घरात थेट सेवा विकत नाही. तारा सगळ्या विक्रेत्यांना एकाच भावात देते. नुसत्या तारेच्या धंद्यात पैसा कोण घालणार, अशी ओरड तिथंही झाली होती. २०२२ संपताना त्या सरकारी योजनेची फायबर ८७ टक्के लोकवस्तीच्या दारापर्यंत पोचली होती.

आपल्याकडे एका झटक्यात जिओचे दोन तुकडे कुणी करणार नाही, हे मलाही कळतं. पण २०२७ जवळ आलंय. आयपीएलचे हक्क पुन्हा निघतील. त्याआधी एवढं तरी व्हावं: ज्याच्याकडे घराची तार किंवा सिम आहे, त्याच्या समूहानं असे हक्क घेतले, तर पासाचा घाऊक भाव जाहीर करावा आणि स्वतःच्या रिचार्जलाही तोच भाव लावावा. फुकट द्यायचं असेल तर सगळ्या नेटवर्कवर फुकट द्यावं. वाहिन्यांच्या बाबतीत हे नवीन नाही. आपली वाहिनी प्रत्येक केबलवाल्याला भेदभाव न करता द्या, हा ट्रायचा नियम २००४ पासून आहे. अ‍ॅपला तो लागू नाही एवढंच, कारण २००४ मध्ये अ‍ॅप नव्हती. आणि त्यापुढे, सावकाश का होईना, २० टक्क्यांचा जुना नियम घराच्या तारेला लावावा. झुकेरबर्ग आणि गूगलचे पिचाई यांनी इथं पैसे गुंतवायला माझी ना नाही. त्यांनी सर्व्हर बांधावेत, समुद्र ओलांडावा. गणेशच्या सिममध्ये त्यांचा वाटा कशाला?

आमच्या सोसायटीत गेल्या वर्षी एका फायबर कंपनीचा माणूस आला होता. सगळ्या फ्लॅटना सहा महिने नेट फुकट, टीव्हीवरचे सगळे अ‍ॅप फुकट, जिन्याला नवा रंग. अट एकच: डक्टमधून दुसऱ्या कुणाची वायर जाऊ द्यायची नाही, पाच वर्षं. मीटिंग दीड तास चालली. निम्मे लोक रंगावर भाळले होते. शेवटी तळमजल्यावरच्या आजी, ज्या घरात नेट वापरत नाहीत, त्यांनी विचारलं, “डक्ट कुणाचा? आपला ना? मग तो कोण कुलूप लावणारा?” ठराव झाला: डक्ट सोसायटीचा, भाडं ठरलेलं, वायर ज्याची त्यानं आणावी. आता तीन कंपन्यांच्या वायरी आहेत, चौथ्या मजल्यावर गुंता झालाय, आणि जिन्याचा रंग अजून उडालेलाच आहे.